तीनशे पानांचा आचारी

माझ्या घरमालकांना दोन माणसांचा भात लावता येत नसे. हे मला त्यांच्या खोलीत राहायला गेले त्याच दिवशी कळलं. ट्रंक आणि वळकटी टेकवून मी दार उघडं टाकून बसले होते, तर चौकटीत एक परात आली. परातीमागे माणूस होता, पण तो नंतर दिसला. भाताचा ढीग, त्यात खळगा करून ओतलेली आमटी, कडेने बांगड्याचे सहा तुकडे.

"जेवून घे," परातीमागून आवाज आला.

"एवढं मी एकटी कशी खाणार?"

त्यांनी परात खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "एकटीच आहेस होय? मला वाटलं कुटुंब येतंय."

मी एकटी आहे ना, हे खोली देताना त्यांनीच मला तीनदा विचारून घेतलं होतं.

मी सांगलीकडची. घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. गिरण्यांचा संप लांबत चालला होता ते दिवस. दादा, म्हणजे माझे घरमालक, परळच्या एका गिरणीच्या कॅन्टीनात बावीस वर्षं मुख्य आचारी होते. भोंगा बंद झाला, कॅन्टीनही बंद झालं. बाकीचे रिकाम्या हातांनी घरी गेले. दादा दोन मोठे टोप, चार पराती आणि हातभर लांब दांड्याचा झारा घेऊन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या बैठ्या चाळीत परतले.

"मॅनेजरने नको म्हटलं नाही," ते सांगत.

"तो थंय होतोच खंय?" वहिनी, म्हणजे दादांची बायको, चुलीपाशीच बसून विचारत.

चाळीच्या टोकाच्या तीन खोल्या त्यांच्या. दोन त्यांच्याकडे, तिसरी माझी. पुढे अंगण म्हणावं एवढी मोकळी जागा आणि एक शेवगा. मूलबाळ नव्हतं. वहिनींकडे एक छोटं पातेलं होतं, दोघांना पुरेसं. पण दादा त्याच्याकडे पाहून "यात काय, औषध उकळायचं?" म्हणत आणि टोप चढवत. दोघांतला धाकटा टोप तीस पानांचा होता.

"बावीस वर्सां तीनशे माणसांचा जेवाण केल्यानी," वहिनी मला म्हणाल्या, "आता हात आवरना नाय. मी सांगान सांगान थकलंय."

सुरुवातीला चाळीने हे आनंदाने सोसलं. घरोघरी वाडगे जात. पुढे पुढे दादा टोप घेऊन निघाले की दारं आतून लागायची. मी स्वतः दोनदा झोपेचं सोंग घेतलं आहे.

दादांची आणखी एक सवय होती. मोठ्या माणसांना ते सरसकट "तू" म्हणत. मला तू, डॉक्टरांना तू, खुद्द माझे मुख्याध्यापक एकदा घरी आले तर त्यांनाही, "काय रे, साखर किती घालू?" गिरणीत जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा राहिलेला माणूस मग साहेब असो की झाडूवाला, त्याला तू, असा त्यांचा शिरस्ता होता. आणि मुलांना मात्र ते अहो-जाहो करत. दुडुदुडु चालणाऱ्या पोरालासुद्धा "अहो, इकडे या, नाक पुसा." लोक हसत. मी एकदा कारण विचारलं.

"मोठ्यांना कोणी ना कोणी अहो म्हणतंच," ते म्हणाले. "ह्यांना कोण म्हणणार?"

मंगल त्यांना बाजारात भेटली. नऊ-दहा वर्षांची असेल. भाजीवाले फ्लॉवरचा पाला काढून टाकतात, तो ती गोळा करत होती. कडेवर चार वर्षांचा भाऊ. दादा तिथे भाजी घ्यायला गेलेले. पाला म्हणजे स्वयंपाकाचा विषय, तेव्हा ते थांबले.

"ह्या पाल्याचं काय करता तुम्ही?"

मंगलने मागे वळून पाहिलं. तुम्ही कोण, हे तिला कळेना. मग म्हणाली, "उकडतो. खातो."

"मीठ किती घालता?"

"नसतंय मीठ."

तिची आई गेली होती आणि बाप कुठेसा निघून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. पण त्या दिवशी दादा घरी आले ते एवढंच घेऊन. वहिनींना सांगितलं, मला सांगितलं, नळावर उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं. "मीठ नसतं म्हणाली." आणि मागून ती दोघं होतीच, दहा पावलं अंतर राखून.

मंगल आत यायला तयार नव्हती. उंबऱ्याबाहेर पाय ठेवून, पळता येईल अशा बेताने ती बसली आणि भाऊ, राजू, तिच्या मांडीवर. दादांनी वाढलं. ती जेवली, राजूला भरवलं, हात धुतले आणि एक शब्द न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती आणखी दोघांना घेऊन. आठवड्याभरात पाच झाली. टोपाला गिऱ्हाईक मिळालं म्हणून आम्ही चाळकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मुलं जेवून जायची. कुठे जायची, हे आम्ही विचारत नव्हतो, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागलं असतं. मग एका दुपारी राजू तापाने फणफणला. मंगलने त्याला उचलून घेतलं, तशा वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज ह्याका खंय धाडूचो नाय. तू पण ऱ्हव गो चेडवा. आणि ते बाकीचे खंय जातले? ते पण ऱ्हवांदेत."

दादा शेगडीवर मऊ भात टाकायला गेले. पुढे संस्था उभी राहिली तेव्हा स्थापनेची तारीख कागदावर वेगळी पडली. माझ्या लेखी ती त्या दुपारी स्थापन झाली. त्या दिवसानंतर जेवून कोणी परत गेलं नाही.

वर्षभरात अकरा मुलं झाली. सात मुलगे, चार मुली. दादा लग्नाची, बारशाची कामं घेत आणि मजुरीचा अर्धा भाग तांदूळ-डाळीने मागत. त्यामुळे आमच्याकडे कधी आठवडाभर मठ्ठा, तर कधी ओळीने जिलबी. अंगणात शेवग्याला त्यांनी रुळाचा एक तुकडा टांगला होता. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला तो वाजे. रांग लागे, हात तपासले जात, पंगत बसे. सगळं गिरणीसारखं. मुलं त्याला "पयली पाळी", "दुसरी पाळी" म्हणायला लागली होती.

गिरणीतलंच आणखी एक त्यांनी आणलं. दाराशी खिळ्याला दोरीने बांधलेली तक्रारवही.

"कॅन्टीन आहे तिथे तक्रारवही पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर आचाऱ्याचं डोकं फिरतं."

"पण यांना लिहिता कुठे येतं?" मी म्हटलं.

"मग शिकव तू. तू मास्तरीण आहेस ना?"

मी शाळेत चाळीस मुलांना महिनोन् महिने बाराखडी गिरवायला लावत असे आणि ती जांभया देत. या अकराजणांना मी शिकवलं नाही, त्यांनी माझ्याकडून ओढून घेतलं. त्यांना तक्रार करायची होती. मंगलने लिहिलेले आयुष्यातले पहिले दोन शब्द "मिठ कमी" असे होते. दादांनी ती ओळ तीनदा वाचली, आमटी चाखली आणि खाली लिहिलं, "तक्रार बरोबर. आचाऱ्याची चूक." मुलगी दिवसभर चाळीत मान ताठ करून फिरत होती. पुढे "भात गिचका", "राजूने माझा पापड खाल्ला", "जिलबी पुरे झाली" अशा तक्रारी रोज पडू लागल्या. दादा प्रत्येकीला उत्तर देत. "जिलबी पुरे झाली" खाली त्यांनी लिहिलं होतं, "नवरीच्या बापाला सांगतो."

या सगळ्याने चाळीतले एक गृहस्थ मात्र गांजले होते. त्यांना नाना म्हणत. पोर्ट ट्रस्टमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, एकटे, आमच्या समोरच राहायचे. अकराला त्यांचं पेपरवाचन ऐन रंगात येई आणि नेमका तेव्हा तो रूळ वाजे. त्यांनी दादांना तीनदा सांगितलं. दादांनी तिन्ही वेळा त्यांना जेवायला बसवलं. शेवटी नानांनी समाजकल्याण खात्याला अर्ज केला.

एके सकाळी खात्याच्या अधिकारी आल्या. तिशीच्या असतील, हातात फाइल, कपाळावर घाम. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. दादाही म्हणाले, "मॅडम, तू बस. पाणी घे आधी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

त्या वाईट नव्हत्या. सगळी मुलं पाहिली, प्रत्येकाला नाव विचारलं. मग म्हणाल्या, "हे बघा, विनापरवाना असं मुलांना ठेवता येत नाही. संस्था नोंदवा. सात जणांची समिती हवी, डॉक्टर हवा. मुलींना वेगळी खोली हवी आणि त्या खोलीत राहणारं बाईमाणूस हवं. एक महिना देते. नाहीतर मुलांना सरकारी बालगृहात हलवावं लागेल."

"सगळ्यांना एकत्र?" वहिनींनी विचारलं.

"मुलगे वेगळीकडे, मुली वेगळीकडे. तसा नियम आहे."

मंगल राजूचा सदरा बटणाशी धरून उभी होती. तिने तो सोडला नाही.

जाताना मॅडमनी नानांचा अर्ज दादांना दाखवला, कारण दादांनी तो मागितला. दादांनी मला वाचायला लावला. अर्ज इंग्रजीत होता, टाइप केलेला, चार परिच्छेद, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. मी मराठीत सांगत गेले. मुलांची संख्या, जागेचं क्षेत्रफळ, घंटेच्या वेळा, सगळं अचूक. दादा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो उजळत गेला.

त्याच दुपारी त्यांनी सोलकढीचा तांब्या उचलला आणि ते समोरच्या घरी गेले. इंग्रजी कागद निघालाच तर वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. नानांनी दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला.

"नाना, तुझा अर्ज वाचला," दादा म्हणाले. "फार चांगला आहे. अशी माहिती आमच्याकडे कोणाकडेच नाही."

"हे पहा, माझा तुमच्यावर वैयक्तिक राग नाही," नाना म्हणाले. "पण नागरिक म्हणून—"

"राग कुठे म्हणतोय मी? आता तसाच एक आमच्या बाजूने लिही. संस्था नोंदवायची आहे. मला भात येतो, हिला बाराखडी येते. अर्ज चाळीत फक्त तुला येतो."

नानांनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाले, "घटना लागेल."

"काय घडलंय?" दादांनी विचारलं.

"घटना. संस्थेची. उद्दिष्टं, सभासद, नियम. तुम्हा लोकांना काहीच कसं माहीत नाही?" ते वैतागून आत गेले आणि टाइपरायटरवरचं फडकं काढल्याचा आवाज आला. सोलकढीला त्यांनी नको म्हटलं. दादांनी तांब्या तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी तो घासून परत आला.

नानांनी घंटेबद्दल मात्र माघार घेतली नाही. संस्थेच्या नियमांत अकरावा नियम असा आहे की भोजनाची सूचना दोन टोल्यांपेक्षा अधिक नसावी.

समिती झाली. दादा, वहिनी, नाना, मी, शेजारच्या बौद्ध वसाहतीतले डॉक्टर, एका लग्नाच्या हॉलचे व्यवस्थापक, आणि पूर्वी दादांच्याच हातचं जेवणारे, आता हातगाडीवर भाजी विकणारे एक विणकर. सभेची सूचना नाना टाइप करून प्रत्येकाला देत. त्यांच्या खोलीपासून दादांची खोली वीस पावलांवर होती. तरी पाकिटात घालून देत.

राहिली मुलींची खोली.

वेगळी खोली चाळीत एकच होती आणि तीत मी राहत होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. दादांनी पडवीला तट्ट्या बांधून पाहिल्या. वाऱ्याने पडल्या. मग वहिनींची लुगडी आडवी टांगून पाहिली. डॉक्टर म्हणाले, "दादा, याला खोली म्हणणार नाहीत." मला दादा दिसायचे ते हातात दोरी घेऊन, अंगण मापताना. माझ्याशी नजर मिळाली की शेवग्याकडे पाहायचे.

खरं सांगते, मला ती खोली द्यायची नव्हती. आम्ही सहा भावंडं. जन्मभर मी कुणाच्या ना कुणाच्या पायाशी झोपलेली. ही माझी पहिली खोली. तिच्या खिडकीत मी तुळस लावली होती, भिंतीला आरसा लावला होता, रविवारी दार लावून मी दुपारभर काही न करता पडून राहत असे. ते "काही न करता" मला कुणी परत देणार नव्हतं. मी मनाशी म्हणत होते, मी भाडेकरू आहे, यांना हवं असेल तर विचारतील. आणि दादा विचारणार नाहीत हेही मला पक्कं माहीत होतं.

महिना संपायला आठ दिवस होते. मी शाळेतून आले, सवयीने तक्रारवही उघडली. मंगलचं अक्षर आता मला दुरून ओळखू यायचं.

"बाईंच्या खोलीत जागा हाये."

खाली दादांचं उत्तर नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी एका तक्रारीखालची जागा कोरी सोडली होती.

मी वही बंद केली. खोलीत गेले आणि रागाने पलंग ओढून भिंतीला लावला. मग ट्रंक पलंगाखाली सरकवली. मग आरसा थोडा खाली, मुलींच्या उंचीवर ठोकला. तोवर राग गेला होता. ठोकण्याचा आवाज ऐकून मंगल दारात आली. मी तिला वही आणायला लावली आणि तिच्यादेखत खाली लिहिलं, "तक्रार बरोबर." मग तिला म्हटलं, "'हाये' नाही, 'आहे'. पाच वेळा लिहून आण."

तिने दहा वेळा लिहून आणलं.

मॅडम ठरल्या दिवशी आल्या. खोली पाहिली, चार चटया पाहिल्या, माझ्या सह्या घेतल्या. नानांची फाइल उघडली आणि मॅडमचा चेहरा बदलला. "हे कोणी केलं?" नाना खाकरले. मग मॅडमचं लक्ष दारावरच्या वहीकडे गेलं. आम्ही ती काढून ठेवायला विसरलो होतो. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली, उभ्याउभ्याच. आमची सगळी अब्रू तीत होती. करपलेली डाळ, फुटलेली कपबशी, मुलांची भांडणं, आचाऱ्याच्या चुका. नाना माझ्या कानाशी पुटपुटले, "वाट लागली." पोर्ट ट्रस्टच्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी तेव्हाच काय तो ऐकला.

दोन टोले पडले. रांग लागली. दादांनी मॅडमच्या हातात ताट दिलं. "तू पण हात दाखव."

त्यांनी वही काखेत धरली आणि दोन्ही हात पुढे केले. मग पंगतीत राजूशेजारी बसल्या. जेवण झाल्यावर पेन मागितलं आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या. त्या वळणापर्यंत पोचण्याआधीच नाना वहीपाशी धावले. लिहिलं होतं, "फार वाढतात. दोनदा नको म्हटलं."

परवाना यायला दीड महिना लागला. पोस्टमनने पाकीट दिलं, नानांनी ते कात्रीने कापलं आणि अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. संस्थेचं नाव, नोंदणीचा क्रमांक, पत्ता. मग, "मान्य संख्या, पंधरा."

"पंधरा?" दादा म्हणाले.

"अर्जात मी वाव ठेवून मागितले होते," नाना म्हणाले. "सरकार नेहमी कापतं. या वेळी कापलं नाही."

"आपण अकरा आहोत."

"होय."

"म्हणजे चार जागा सरकारने दिल्यात आणि रिकाम्या पडल्यात."

"तसा त्याचा अर्थ होत नाही," नाना म्हणाले. पण दादा चपला शोधत होते. वहिनींनी त्या चुलीमागून काढून दिल्या. नानांनी परवाना माझ्या हातात ठेवला, क्षणभर विचार केला आणि छत्री घेऊन दादांच्या मागे गेले. "कुठे जाताय? नियम आहेत," असं म्हणत म्हणत दोघे वळणाआड झाले.

ते आले चारच्या सुमाराला. दोघांच्या मध्ये एक मुलगी. पाचेक वर्षांची असेल, केस गुंतलेले, अंगात मोठ्या माणसाचा सदरा. नानांनी पोलीस चौकीत जाऊन तिची रीतसर नोंद केली होती आणि तिचं बोट धरलं होतं. तिचं नाव कोणालाच सांगता आलं नव्हतं. ती कोणाशी बोलतच नव्हती.

वहिनी दोरीवरचा धुतलेला फ्रॉक काढायला गेल्या. मंगलने मुलीला नळाच्या कट्ट्यावर बसवलं आणि तिचे पाय धुवायला घेतले. मी बादलीतून पाणी ओतत होते. मुलगी कोणाकडे पाहत नव्हती, पायांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत होती. काळं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत तिने नजर हलवली नाही.

"गार लागतंय?" मंगलने विचारलं.

मुलीने दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाली, "नाय. अजून टाक."

आमच्या घरात ती बोललेलं हे पहिलंच वाक्य. मी दुसरी बादली भरून आणली.